रोजेचा थिसॉरस: ३१४ पासून ६०५ पर्यंत

मी मराठी कथा इंग्रजीत नेण्याचं काम करते. सध्या हातात असलेल्या कथेत मालवणचा एक म्हातारा मच्छीमार आहे, त्याची होडी आहे, आणि ती विकावी की ठेवावी यावर आज एक, उद्या दुसरंच बोलणारा मुलगा आहे. होडी हिंदकळते, म्हाताऱ्याचा तोल जातो, मुलाचं तळ्यात-मळ्यात चालतं. अशा कामात पीटर मार्क रोजे यांचा थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे इंग्रजी शब्द एकत्र देणारा संग्रह, किती साथ देतो, ते लिहिते. मी वापरते ती १९११ ची आवृत्ती, प्रोजेक्ट गटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारी.

रोजे पेशाने डॉक्टर, लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस. स्वतःच्या लिखाणासाठी शब्दांची यादी त्यांनी १८०५ मध्ये केली होती. पुस्तक आलं १८५२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी. शब्द अर्थाप्रमाणे लावलेले: सहा मोठे वर्ग आणि त्यांत सुमारे हजार शीर्षकं. सांगायचं काय ते मनात आहे पण शब्द सापडत नाही, अशा माणसासाठी ही मांडणी आहे, आणि अनुवादकाची तर रोजची अवस्था हीच.

आता माझी होडी. हलणं, झुलणं, डुलणं हे सगळं ‘ऑसिलेशन’ या ३१४ व्या शीर्षकाखाली, अवकाशाच्या वर्गात. रॉक, स्विंग, रील, रोल, टॉस, पिच, स्टॅगर, टॉटर अशी रांगच लागते. मनाची चलबिचल मात्र दूर, इच्छाशक्तीच्या वर्गात, ६०५ व्या शीर्षकाखाली: ‘इररिझोल्यूशन’. दोहोंमध्ये जवळजवळ तीनशे शीर्षकं. पण रोजेंनी वाट ठेवली आहे. ३१४ मध्ये ‘व्हॅसिलेट’ आला की शेजारी ६०५ चा आकडा आहे, आणि ६०५ मध्ये परत ३१४ कडे बोट आहे. शरीराच्या डळमळण्यातून मनाच्या डळमळण्याकडे इंग्रजी भाषा जशी गेली, तशीच ही आकड्यांची वाट जाते. व्हॅसिलेटचं लॅटिन मूळ शब्दशः झोके खाण्याचंच आहे. फ्लक्च्युएटच्या मुळाशी लाट आहे. पाण्यावरच्या माणसांची कथा करताना लाटेतून निघालेला शब्द मनाच्या चलबिचलीच्या यादीत सापडणं, याचा मला झालेला आनंद खरंच मोठा होता.

६०५ नुसतं वाचत बसावं असं आहे. डगमगणाऱ्या माणसासाठी तिथे ‘गवताच्या दोन भाऱ्यांमधलं गाढव’ आहे. दारुड्यासारखे झोक जाणं हा वाक्प्रयोगही निर्णय न होण्याच्या यादीत बसवला आहे. ‘मॅकबेथ’मधली, धजत नाही आणि हवं तर आहे अशी, लेडी मॅकबेथची ओळ आहे. एका पानात किती तऱ्हेची माणसं!

पण थिसॉरस एक गोष्ट करत नाही, आणि घेण्याआधी ती माहीत हवी. तो शब्दांमधला फरक सांगत नाही. स्टॅगर आणि टॉटर शेजारी-शेजारी ठेवून तो पुढे जातो. दारू, मार किंवा पाठीवरचं ओझं यांनी पाय लटपटले तर स्टॅगर. वयामुळे किंवा अशक्तपणामुळे, नाहीतर नुकतं चालायला शिकलेलं मूल पडू-पडू करतं तेव्हा टॉटर. माझा म्हातारा टॉटरच करणार, स्टॅगर लिहिलं तर वाचक त्याला प्यायलेला समजेल. होडीची नाळ (पुढचं टोक) लाटेवर चढते-उतरते तेव्हा पिच, होडी डाव्या-उजव्या अंगाला कलते तेव्हा रोल. मनाचंही तसंच. सुरुवातच होत नाही, पाय निघत नाही, तिथे हेझिटेट. ठरवलेलं ढिलं पडू लागलं की वेव्हर. बोलता-चालता मध्येच अडखळलं की फॉल्टर. दोन टोकांमध्ये येरझाऱ्या चालल्या की व्हॅसिलेट, आणि तोच माझ्या कथेतल्या मुलाचा शब्द. हे सगळं चांगल्या शब्दकोशात, उदाहरणवाक्यांसकट पाहावं लागतं. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांमध्ये हे चारही शब्द ‘समानार्थी’ म्हणून एका ओळीत छापलेले दिसतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती ओळ पाठ केलेली मुलं पुढे तसंच लिहितात.

१९११ च्या आवृत्तीचे आणखी दोन तोटे. भाषा जुनी आहे: वॉबलचं स्पेलिंग जुन्या पद्धतीचं, ‘डॅकर’सारखे आज कुणी न वापरणारे शब्द मधूनच येतात, आणि निर्णयाला उगाच वेळ लावणाऱ्यासाठी आज सर्रास चालणारा ‘डिदर’ ६०५ मध्ये नाही. दुसरा तोटा मला जास्त खटकतो. रोजेंनी विरुद्ध कल्पना समोरासमोर दोन स्तंभांत छापल्या होत्या, ६०४ निर्धार आणि त्याच्या शेजारी ६०५. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये त्या एकाखाली एक येतात आणि ती नजरेची सोय जाते.

छापील हवा असेल तर पेंग्विनची नवी आवृत्ती घ्या. त्यात शीर्षकं ९९० आहेत आणि क्रमांक बदललेले आहेत, त्यामुळे फुकट फाइलमधले आकडे तिथे लावू नका. शेवटच्या सूचीतून जा. रोज इंग्रजीत लिहिणाऱ्याने, अनुवाद करणाऱ्याने ती विकत घ्यावीच. अधूनमधून गरज पडणाऱ्याला गटेनबर्गची फाइल पुरे. ‘व्हॅसिलेट’ शोधा, ३१४ मध्ये उतरा आणि तिथून ६०५ ला जा. दहावी-बारावीच्या मुलांच्या हातात मात्र आधी उदाहरणं देणारा शब्दकोश द्या, थिसॉरस नंतर.