तारखेची धास्ती आणि ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ ॲप

तालुका आणि जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्यांची झोप ज्या गोष्टींनी उडते, त्यांत हुकलेली तारीख सगळ्यात वर आहे. पुकाऱ्याला वादीतर्फे कुणीच हजर नसलं तर दावा अदम हजेरीत काढून टाकला जातो आणि तो पुन्हा फायलीवर घेण्यासाठी अर्ज करायची मुदत अवघी ३० दिवसांची. न वटलेल्या चेकच्या केसमध्ये फिर्यादी गैरहजर राहिला तर आरोपी निर्दोष सुटू शकतो आणि मग थेट अपिलात जावं लागतं. ज्युनिअरच्या बाबतीत तर सीनियर, अशील आणि कोर्ट या तिघांनाही उत्तर द्यायचं असतं. रविवारी रात्री डायरी उघडून पुन्हा पुन्हा तीच पानं चाळणारे वकील बार रूममध्ये कमी नाहीत.

‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे मोफत सरकारी ॲप ही धास्ती बरीच कमी करतं. पण ते नीट बसवून घ्यावं लागतं, आणि त्याच्यावर कुठे विसंबायचं, कुठे नाही, हे आधी कळलं पाहिजे. बहुतेकांचा वैताग होतो तो या दोन गोष्टी न केल्यामुळे.

ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे. सारख्या नावाची, जाहिरातींनी भरलेली बरीच खासगी ॲप दुकानात दिसतात, म्हणून ई-कोर्ट्सच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच उतरवून घ्यावं. ज्या माहितीवर ते चालतं ती कोर्टाच्या सीआयएस या प्रणालीतून येते, आणि ही प्रणाली एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या पुणे केंद्रात तयार झाली आहे. याचा अर्थ असा की बेंच क्लार्कने सीआयएसमध्ये जे भरलं तेच ॲपमध्ये दिसणार. त्याने भरलं नाही तर दिसणार नाही, चुकीचं भरलं तर चुकीचं दिसणार. ॲपबद्दलच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ इथे आहे.

सुरुवात सीएनआर क्रमांकापासून करा. हा १६ अक्षर-अंकांचा क्रमांक प्रत्येक प्रकरणाला एकच असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे त्या न्यायालयाच्या आस्थापनेचे, सहा आकडे प्रकरणाच्या अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. एमएच-पीयू-०१ अशी सुरुवात दिसली की महाराष्ट्र, पुणे आणि तिथली एक विशिष्ट आस्थापना. हे सहा आकडे म्हणजे दाव्याचा नंबर नव्हे, तिथे हमखास गफलत होते. ‘रे.मु.नं. २१४’ म्हणून ००० लावून २१४ घातलं तर दुसऱ्याच कुणाचं प्रकरण उघडतं. सीएनआर माहीत नसेल तर प्रकरणाचा प्रकार, नंबर आणि वर्ष घालून शोधावं, आणि सापडल्यावर तो फाइलच्या मुखपृष्ठावर ठळक लिहून ठेवावा. पुढची सगळी कामं त्याच्यावर होतात.

प्रकाराच्या यादीत महाराष्ट्रातली आपली जुनी लघुरूपं इंग्रजीत आहेत: आरसीएस म्हणजे नियमित दिवाणी दावा, एसपीएल सीएस म्हणजे विशेष दिवाणी दावा, एससीसी म्हणजे समरी फौजदारी खटला. जिल्ह्यांच्या ठिकाणी चेकच्या केसेस बहुतांश एससीसीमध्ये सापडतात, आरसीसीमध्ये (नियमित फौजदारी खटला) शोधून वेळ घालवू नये. आणखी एक अडचण नवख्यांना फार छळते. कुटुंब न्यायालयातलं प्रकरण ‘पुणे’ जिल्हा निवडून शोधलं तर मिळत नाही, कारण कुटुंब न्यायालयं जिल्ह्यांच्या यादीतच ‘महाराष्ट्र फॅमिली कोर्ट्स’ अशा वेगळ्या नावाखाली आहेत. औद्योगिक व कामगार न्यायालयांचंही तसंच. मुंबईत शहर दिवाणी न्यायालय, लघुवाद न्यायालय आणि दंडाधिकारी न्यायालयं (पूर्वीची महानगर दंडाधिकारी न्यायालयं) यांच्याही नोंदी वेगवेगळ्या. प्रकरण ‘सापडत नाही’ असं वाटलं की आधी ही यादी वरपासून खालपर्यंत वाचावी.

वकिलाच्या नावाने शोधायची सोय दिसायला आकर्षक आहे, पण भरवशाची नाही. एकाच वकिलाचं नाव तीन कोर्टांत तीन तऱ्हांनी टाइप झालेलं असतं: कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे नावातच ‘ॲड.’ चिकटलेलं. बार कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकाने शोधणं त्याहून बरं, मात्र तो क्रमांक सीआयएसमध्ये प्रकरणाशी जोडलेला असेल तरच. चालू प्रकरणात मधूनच वकीलपत्र दाखल केलं असेल तर आठवड्याभरात ॲप उघडून आपलं नाव चढलंय का ते पाहावं. नसेल तर वकीलपत्राची तारीख आणि सीएनआर लिहून कोर्टाच्या संगणक विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

आता मुख्य भाग, ‘माय केसेस’. प्रकरण उघडलं की ते जपून ठेवायची सोय आहे. एकेक करून सगळी चालू प्रकरणं इथे जमा करा. शंभर-सव्वाशे फायली असतील तर दोन-तीन संध्याकाळी जातील, पण ही मेहनत एकदाच. छापील कागदावर क्यूआर असेल तर तो स्कॅन करूनही सीएनआर घेता येतो. उच्च न्यायालयाची प्रकरणं वेगळ्या भागात आहेत, तिथली यादी वेगळी करावी लागते.

ही यादी तुमच्या फोनमध्येच राहते. लॉगिन नाही, खातं नाही, त्यामुळे फोन हरवला, बिघडला किंवा ॲप काढून पुन्हा टाकलं की यादी गेली. त्यावर उपाय ॲपमध्येच आहे: यादी एक्स्पोर्ट करून फाइल बनवता येते आणि नव्या फोनवर इम्पोर्ट करता येते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक्स्पोर्ट करून ती फाइल स्वतःला ईमेल करावी. एक्स्पोर्टची फाइल त्याच फोनमध्ये ठेवून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. ऑफिसमध्ये ज्युनिअर नव्याने आला की हीच फाइल त्याच्या फोनवर इम्पोर्ट केली म्हणजे त्याची यादी पाच मिनिटांत तयार होते. मात्र त्यानंतर दोन्ही याद्या आपोआप जुळत नाहीत. एकाने नवं प्रकरण घातलं तर दुसऱ्यालाही घालावं लागतं.

जपलेल्या प्रकरणांच्या तारखा बदलून हव्या असतील तर रिफ्रेश करावं लागतं. ते न करता ‘टुडेज केसेस’ पाहिलं तर गेल्या वेळी फोनमध्ये उतरलेलंच दिसतं, आणि इथेच दगाफटका होतो. रिफ्रेशला सगळ्यात वाईट वेळ सकाळची, अकराच्या पुकाऱ्याआधीची, कारण तेव्हा अख्खा बार तेच करत असतो आणि सर्व्हर रखडतो. संध्याकाळी उशिरा करावं. तोवर बहुतेक कोर्टांत दिवसाचं काम सीआयएसमध्ये चढलेलं असतं.

बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हे. न्यायाधीश रजेवर असले, बोर्ड, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी, मोठा असला, क्लार्कची बदली झाली, की दोन-दोन दिवस नोंद होत नाही. पुढच्या तारखेच्या जागी आजचीच किंवा उलटून गेलेली तारीख दिसत राहिली तर समजावं की नोंद बाकी आहे; प्रकरण गहाळ झालेलं नाही. अशा प्रकरणांची वेगळी चिठ्ठी करून दुसऱ्या दिवशी बेंच क्लार्ककडे रोजनाम्यावरून (कोर्टातली रोजच्या कामाची नोंद) तारीख पडताळून घ्यावी. ॲपवर एक तारीख आणि रोजनाम्यावर दुसरी असेल तर रोजनामाच खरा. ‘ॲपवर अशी तारीख होती’ एवढ्या कारणावर फाइल पुन्हा घ्यायचा अर्ज हमखास मंजूर होईल असं धरून चालू नये. निदान त्या दिवशीचा स्क्रीनशॉट तरी हाताशी असावा. म्हणून कागदी डायरी सोडू नका. कोर्टात उभ्या उभ्या ऐकलेली तारीख आधी डायरीत, संध्याकाळी ॲपशी ताळा. दोन्ही जुळलं की त्या प्रकरणाचा विचार तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत डोक्यातून काढून टाकता येतो. या ॲपने मनाला दिलेला सगळ्यात मोठा निवांतपणा तो हाच.

ॲपला तारीख कळते, मुदत कळत नाही. हे वाक्य ज्युनिअरच्या टेबलावर चिकटवण्यासारखं आहे. समन्स मिळाल्यापासून कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, कोर्टाच्या परवानगीने ९० पर्यंत. व्यावसायिक दाव्यात १२० दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच जातो. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची पडलेली असू शकते आणि ॲप शांतपणे तीच दाखवत राहतं. चेक न वटल्याचा मेमो आल्यावर नोटिशीचे ३० दिवस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायचे १५ दिवस आणि नंतर फिर्यादीचा एक महिना, हा सगळा काळ तर प्रकरण दाखल होण्याआधीचा. ॲपमध्ये त्याचा मागमूस नसतो. अपिलाचंही तसंच: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात हुकूमनाम्यावर ९०. मुदतींसाठी डायरीच्या मागच्या पानांवर वेगळा तक्ता ठेवावा आणि प्रत्येक मुदतीच्या दहा दिवस आधी फोनच्या साध्या कॅलेंडरमध्ये आठवण लावावी.

आदेशांच्या पीडीएफ ॲपमध्ये उघडतात ही मोठी सोय आहे, पण त्या सहीशिक्क्याच्या नकला नव्हेत. अपिलासाठी नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा, कारण नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात. ॲपवर निकाल वाचला म्हणून निवांत बसलं तर ते दिवस हातचे जातात. पोक्सो आणि कौटुंबिक प्रकरणांतले आदेश बहुधा सार्वजनिक दिसत नाहीत, ते कोर्टातूनच घ्यावेत.

अशिलांच्या फोनचा त्रास हा वकिलाच्या थकव्याचा फार मोठा भाग आहे, आणि तो याच सेवेने बराच आटोक्यात येतो. वकीलपत्रावर सही घेतानाच अशिलाला सीएनआर द्यावा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘ईकोर्ट्स’, मग एक जागा सोडून सीएनआर असा एसएमएस ९७६६८९९८९९ वर पाठवला की प्रकरणाची सद्यस्थिती उत्तरात येते. साध्या बटणांच्या फोनवरही हे चालतं, त्यामुळे खेड्यातल्या अशिलालाही जमतं. सोबत इतकंच समजावून सांगावं की ‘स्टेज’पुढे लिहिलेल्या शब्दांवरून निष्कर्ष काढू नका, शंका असेल तर ऑफिसच्या वेळेत विचारा. ‘तारीख कधी?’ एवढ्यासाठी रात्री साडेदहाला येणारे फोन यामुळे खरोखर कमी होतात. सीनियरनेही ज्युनिअरशी हाच नियम पाळावा. संध्याकाळी साडेसात ते आठ ताळा, आठनंतर तारखांचा विषय बंद. ज्या ऑफिसांत हे ठरलेलं असतं तिथे ज्युनिअर टिकतात.

तारखेची काळजी मिटूनही झोप लागत नसेल, कोर्टात पाय ठेवायची भीती वाटत असेल, तर ती गोष्ट ॲपच्या आवाक्यातली नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. वकिली पेशात हे बोलून दाखवणं अजून कमीपणाचं मानलं जातं, आणि त्याचं नुकसान फार होतं.

शिकण्यासाठी ॲपचा वापर होतो हे फार कमी ज्युनिअरांच्या लक्षात येतं. प्रकरणाच्या इतिहासातल्या कुठल्याही तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय कामकाज झालं ते उघडतं. ज्या कोर्टात आपलं निशाणी ५ चं (तात्पुरत्या मनाईच्या अर्जाचं) काम आहे, तिथे त्याच न्यायाधीशांनी मनाई अर्जांवर दिलेले आधीचे आदेश संकेतस्थळावर आदेशाच्या तारखेवरून शोधता येतात. असे चार-पाच आदेश वाचले की त्या कोर्टात कशावर जोर द्यायचा, कोणते कागद आधी मागितले जातात, हे स्पष्ट होतं. पुढे कामी येणारी दुसरी गोष्ट म्हणजे हजेरीचा पुरावा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा आणली, आणि जिल्हा न्यायाधीशांच्या थेट भरतीला सात वर्षं लागतात. सरकारी किंवा बँकेच्या पॅनेलवर अर्ज करतानाही केलेल्या कामाची यादी मागतात. आपलं नाव रेकॉर्डवर नीट चढलेलं असणं म्हणूनही महत्त्वाचं.

पैसे घेणारी खासगी ॲप घ्यावीत का? त्यांच्याकडे येणारी तारखांची माहिती बहुतेक करून याच स्रोतातली असते, त्यामुळे तारीख तिथे लवकर कळेल ही अपेक्षा चुकीची. चार-पाच वकिलांचं ऑफिस असेल, सगळ्यांना एकच यादी दिसायला हवी असेल, फीचा हिशेब ठेवायचा असेल, तर पैसे मोजायला हरकत नाही. एकट्याने वकिली करणाऱ्याला सरकारी ॲप आणि डायरी पुरते. ग्राहक आयोग, महसुली प्रकरणं आणि एनसीएलटी (कंपनी कायदा न्यायाधिकरण) यांची व्यवस्था मात्र वेगळी आहे; कंपन्यांचे विधी अधिकारी आणि सीए यांनी हे ध्यानात घेऊनच ॲपकडून अपेक्षा ठेवावी.

ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या खर्चात दोन साध्या सुधारणा व्हायलाच हव्यात: वकिलाच्या नोंदणी क्रमांकावर चालणारी, फोन बदलला तरी टिकणारी यादी, आणि तारखेची नोंद सीआयएसमध्ये शेवटची कधी झाली ती वेळ प्रत्येक प्रकरणापुढे.