पलासियातलं छोटं तायवानी दुकान, शेंगदाणा रोल खाऊनच या

काल आईला घेऊन इंदूरच्या पलासिया भागातल्या आतल्या गल्लीतल्या तायवानी दुकानात परत गेलो, महिन्यातली तिसरी वेळ, म्हणून आता लिहितोच. चार स्टूल, एक काउंटर, बास. चालवणारी आपली इंदूरचीच मराठी मुलगी, तैपेईला शिकायला होती, आणि सगळं व्हेज ठेवलंय हे फार बरं केलं, तिकडे रस्त्यावर पोर्क नि ऑयस्टर भरपूर चालतं.

तर शेंगदाणा आईस्क्रीम रोल. तायवानमधे यीलानकडचा म्हणून ओळखतात. काउंटरवर शेंगदाण्याच्या चिक्कीची जाडजूड लादी असते आणि ती चक्क सुताराच्या रंध्याने तासते, तो भुरभुरीत कीस पातळ मैद्याच्या पोळीवर पसरायचा, वर आईस्क्रीमचे दोन गोळे, एक अळकुडीचा एक अननसाचा, मग मूठभर कोथिंबीर आणि गुंडाळी. त्या आईस्क्रीमला तिकडे बापू म्हणतात, विकणाऱ्याच्या भोंग्याच्या आवाजावरून! आई कोथिंबीर बघून म्हणाली, "हे काय गं, मग थोडी शेव नि जिरावन मसाला पण घाल." ती म्हणाली, "काकू, आधी असाच खाऊन बघा, नंतर मागितलीत तर देते." आईने नाही मागितली, अख्खा संपवला. मला हेच सगळ्यात आवडलं, कारण आपल्याकडे नवीन काही आलं की लगेच त्यावर शेव नाहीतर चीज पडतं आणि मूळ चव कशी होती ते कळतच नाही.

आईचा चातुर्मास, कांदा-लसूण बंद, तिला दोउह्वा दिलं. सोयाच्या दुधाचं असतं, खरवसाहून मऊ, वर आल्याचा गोड पाक आणि उकडलेले शेंगदाणे. तिकडचे बरेच शाकाहारी बौद्ध पण कांदा-लसूण खात नाहीत म्हणे, हे ऐकून आई एकदम खूश.

पातीच्या कांद्याचा पराठा ठीक, पापुद्रे छान सुटतात पण तेल जास्त.

बबल टी दुपारीच प्या. त्यातल्या गोळ्या टॅपिओकाच्या, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा त्याच्याच, आणि उकडून काही तास झाले की आतून कडक होतात. आम्हाला रात्री ८ ला तशाच मिळाल्या, सांगितल्यावर तिने काही न बोलता ताज्या उकडून दिल्या, २५ मिनिटं लागली पण चव एकदम वेगळी.

रोल १२० ला आहे. पार्सल अजिबात नेऊ नका, एकदा नेला तर घरी येईपर्यंत पोळीचा लगदा झाला होता, तिथेच उभं राहून खा.