बाबागाडीचं कापड निघत का नाही? बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

चाकं केवढी, वजन किती, घडी एका हाताने होते का, हे सगळं विक्रीच्या पानावर दिलेलं आहे आणि ते खरं आहे. घडी होते एका हाताने. दुसऱ्या हातात बाळ असतं आणि पिशवी दातात धरावी लागते, पण त्यात कंपनीचा दोष नाही. मी लिहायला बसले आहे ते एकाच गोष्टीसाठी. या गाडीच्या सीटचं कापड काढून धुता येत नाही.

एवढ्याशा गोष्टीवर एवढं मोठं लिहितेय असं वाटेल, वाटू दे. बाळ दूध पिऊन गाडीत बसतं. थोड्या वेळाने त्यातलं काही परत येतं. ते मानेच्या वळीतून छातीच्या पट्ट्यावर आणि तिथून पायांमधल्या बकलपाशी जाऊन साचतं, कारण सीटचा सगळ्यात खोलगट भाग तोच. वरून पुसलं की स्वच्छ दिसतं. पण कापडाच्या आत फोमचा पातळ थर आहे, तो दूध शोषून घेतो आणि सोडतच नाही. गाडी उन्हात ठेवली, सोडा भुरभुरला, लिंबू चोळलं. आंबूस वास तस्साच. पुढे दात येताना लाळ, आणि हातात धरून खायला लागल्यावर चुरा. तो चुरा शिवणीत जाऊन बसतो आणि पुसायला गेलं की आणखी आत सरकतो. पट्टे सीटला शिवलेले, सीट नळ्यांवर ताणून बसवलेली, आणि मॅन्युअलमध्ये स्वच्छतेबद्दल एकच ओळ: ओल्या फडक्याने पुसावे. अहो, फडकं जातंय कुठे त्या फटीत!

बकलची तऱ्हा आणखी वेगळी. लाल बटण दाबलं की आतल्या खिट्ट्या सुटतात. त्या खाचेत चिकट काहीतरी वाळलं की बटण अर्धवट दबतं आणि पट्टा लावताना 'टक' असा आवाज येत नाही. आवाज आला नाही म्हणजे बकल लागलेलं नाही असं धरून चालायचं. यावर तेल सोडू नका. तेलाला धूळ चिकटते आणि खाच आणखी भरते. कोमट पाणी सोडून बटण पुन्हा पुन्हा दाबत राहायचं, घाण आपोआप बाहेर येते. आता विचार करा, पायांमधलं बकल सीटला शिवलेलं आहे. ते धुवायचं म्हणजे अख्खी गाडी नळाखाली आडवी धरायची. मी धरली आहे. नवऱ्याने फोटो काढले, मदत केली नाही.

शेवटी कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅडम, या मॉडेलचं कव्हर वेगळं मिळत नाही."

"मग काय मिळतं?"

"पूर्ण सीट युनिट, फ्रेमसकट."

"म्हणजे नवीन गाडी?"

"तसं म्हणू शकता मॅडम. सध्या ऑफर पण चालू आहे."

चीड यायचं कारण असं की हीच कंपनी चाकाच्या बाबतीत सज्जनासारखी वागली. पुढचं डावं चाक थरथरायला लागलं होतं, सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढायची. व्हिडिओ पाठवला आणि नवं चाक घरपोच आलं. पैसे नाहीत, वाद नाही. चाक फुकट देता येतं, पण कापडाचा एक तुकडा विकत देता येत नाही, हे गणित मला सुटलेलं नाही.

तेव्हापासून बाळाची कोणतीही वस्तू समोर आली की माझा पहिला प्रश्न एकच: हे सुटं करून धुता येतं का? बहीण म्हणते तुला वेड लागलंय. पण पैसे वाचवायचे तर या प्रश्नासारखी चाळणी नाही. धुता येणारी वस्तू दुसऱ्याकडून घेता येते, दुसऱ्या मुलाला वापरता येते आणि शेवटी विकताही येते. न धुता येणारी वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी तिचा मालक एकच.

आमच्याकडची हाय चेअर अगदी साधी आहे. प्लॅस्टिकची बैठक, चार पाय, ट्रे. गादी नाही, नक्षी नाही, उंची बदलायची कळ नाही. बहिणीच्या दोन मुलांनी वापरून झाल्यावर आली. पट्टा मात्र नवा बसवला, कारण जुन्याचं बकल सैल होतं. बाळाचं खाऊन झालं की उचलायची आणि बाथरूममध्ये पाणी मारायचं. दुकानात मऊमऊ गाद्यांच्या, सात-आठ प्रकारे वळणाऱ्या खुर्च्या दिसतात, त्यांच्या शिवणी बघितल्या की मला ते बकलच आठवतं.

कॅरियरने, म्हणजे बाळाला अंगाशी बांधून न्यायच्या झोळीने, मला खरा सुखद धक्का दिला. तो सरळ वॉशिंग मशिनमध्ये जातो. पहिल्या काही महिन्यांत गाडीऐवजी तोच वापरला, कारण नवजात बाळाला मान सावरता येत नाही आणि त्याला जवळजवळ सपाट झोपवता येईल अशीच गाडी चालते. ही आमची छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी बाळ स्वतः बसायला लागेपर्यंत उपयोगाची नाही. म्हणजे कॅरियर असेल तर गाडीची खरेदी सहाएक महिने पुढे ढकलता येते, आणि तोपर्यंत आपल्याला गाडी खरंच लागते का हेही कळतं. कॅरियर घेताना बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर राहतात का आणि मांड्यांना पूर्ण आधार मिळतो का, एवढं बघा. पाय नुसते खाली लोंबकळत असतील तर खुब्याच्या सांध्याला ते चांगलं नाही. बाळाचा चेहरा आपल्याला सतत दिसला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, नाहीतर श्वासाला अडथळा होतो.

कार सीटबद्दल मात्र माझी काटकसर चालत नाही. ती नवीनच घ्यायची, किंवा जिचा सगळा इतिहास माहीत आहे अशा घरातल्या माणसाकडून. सीट एकदा अपघातातून गेली असेल तर प्लॅस्टिकमधली चीर बाहेरून दिसेलच असं नाही. कवचाच्या मागे किंवा खाली बनवल्याची तारीख असते, बऱ्याच सीटवर मुदतही छापलेली असते. युरोपीय मानकाची सीट असेल तर नारिंगी लेबल शोधा. आर४४ हे जुनं मानक वजनावर आधारलेलं, २०१३ पासूनचं आर१२९ उंचीवर. आर१२९ प्रमाणे बाळ किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचं असतं, आणि सीटच्या मर्यादेत बसत असेल तर त्यापुढेही तसंच बसवणं चांगलं. युरोपीय संघात २०२४च्या सप्टेंबरपासून जुन्या मानकाच्या सीट दुकानात विकता येत नाहीत, म्हणून कुणी 'नवीकोरी, अर्ध्या किमतीत' म्हणालं की आधी लेबल बघायचं. आणि हो, धुण्याचा माझा नियम इथे अर्धाच लागू होतो. कव्हर काढून धुवा, पण पट्टे भिजवू नका, मशिनमध्ये टाकू नका, ब्लीच तर अजिबात नको. पट्ट्याची ताकदच त्याने कमी होऊ शकते. ते नुसते ओल्या फडक्याने पुसायचे. इथे ती ओळ शोभते, बाबागाडीच्या मॅन्युअलमध्ये नाही.

चारी बाजूंनी गज असलेला बाळाचा लाकडी पलंग, म्हणजे क्रिब, एका ओळखीच्या घरून फुकट मिळत होता, एक बाजू खालीवर सरकणारा. नाही म्हटलं. अशी सरकती बाजू निसटून बाळं अडकल्यामुळे अमेरिकेत २०११ पासून ते क्रिब विकायलाच बंदी आहे, वापरलेलेसुद्धा. क्रिब जुना घ्यायला हरकत नाही, पण बाजू पक्क्या हव्यात, दोन गजांमधली फट सहा सेंटीमीटरच्या आत हवी आणि गादी कडक व नेमक्या मापाची. त्यात उशी, लोड, कडेचे फुगीर बंपर काहीही घालायचं नाही. इथे तर न विकत घेणं हेच सुरक्षित, काटकसर आपोआप होते.

वॉकर भेट म्हणून आला. कॅनडात २००४ पासून बेबी वॉकर विकता येत नाही, यावरून काय ते समजा. मूल लवकर चालत नाही, जिन्यापर्यंत मात्र लवकर पोचतं. आम्ही चाकं काढून टाकली आणि वरची खेळणी ठेवली.

बाकीचं पटकन सांगते. स्टरिलायझर नको, बाटल्या पातेल्यात पाच मिनिटं उकळल्या की काम होतं. बाटली गरम करायचं यंत्र नको, गरम पाण्याचा वाडगा आहे. डायपर बदलायचं टेबल नको, जमिनीवर चटई घाला, तिथून बाळ पडत नाही. नवजात मापाचे कपडे मागून आणा. साधारण पाच महिन्यांत वजन जन्माच्या दुप्पट होतं, वर्षात तिप्पट, त्यामुळे ते कपडे फाटायच्या आधीच लहान होतात. ब्रेस्ट पंप मात्र मागून आणू नका. काही पंपांमध्ये दूध मोटरपर्यंत जाऊ शकतं आणि तो भाग उघडून धुता येत नाही. परत तेच बघा, धुता येत नाही!

आता गाडीकडे. इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे द्यायचं ठरलं होतं. मध्ये ब्रेकची कुरबुर झाली म्हणून कंपनीचा माणूस घरी आला. ब्रेक बघता बघता त्याने सीटच्या खालच्या कडेची गोल टोपणं नखाने उचकटली. प्रत्येक टोपणाखाली साधा चार खाचांचा स्क्रू. स्क्रू काढले, पाठीमागची झिप उघडली, आणि कापड पट्ट्यांसकट हातात आलं! मी बघतच राहिले. म्हटलं, "अहो, हे निघतं?" तो म्हणाला, "निघतं ना ताई. पण आम्हाला सांगायला सांगितलेलं नाही." मॅन्युअल पुन्हा चाळलं, त्यात त्या टोपणांचा उल्लेखसुद्धा नाही.

त्या रात्री कापड कोमट पाण्यात भिजवलं. पाणी चहासारखं झालं. दुसऱ्या दिवशी वास गेलेला. स्क्रू घट्ट बसवले, बाळ बसवायच्या आधी सीटवर हाताने जोर देऊन बघितलं, पट्टे ओढून बघितले. वाळायला मात्र दीड दिवस लागतो, तेव्हा बाहेर जायचं नसेल तेव्हाच हे काढा.

तर दोनाचे चार तारे करते. चाकं, ब्रेक, घडी, सगळं उत्तम आहे, बाळ बसायला लागल्यावर जरूर घ्या आणि वापरलेली मिळाली तर आधी टोपणं उचकटून स्क्रू गंजलेत का ते बघा. स्क्रूंचा फोटो कंपनीला पाठवून लिहिलं की हे मॅन्युअलमध्ये छापा. उत्तर आलं: "आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. आमची नवीन मॉडेल्स जरूर पाहा." साडेतीन तारे.