अल्टरनेटर पुन्हा गेला: दुरुस्त करायचा की नवाच बसवायचा?

जुन्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग, पहिल्यांदाच गेला असेल तर दुरुस्ती बरी. कार्बन ब्रश किंवा बेअरिंग झिजलं असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियन बदलून देतो, खर्चही नव्याच्या मानाने किरकोळ. घोडं अडतं ते डायोड प्लेट (एसी विजेची डीसी करणारी) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) यांच्यापाशी. स्वस्तातला माल नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, बॉनेटखालच्या भट्टीत टिकत नाही. नवा महाग, पण वॉरंटी असते. वारंवार जात असेल तर मी नव्याकडेच झुकेन, फक्त लगेच नाही.

कारण खरा दोष बरेचदा अल्टरनेटरच्या बाहेर असतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा, साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी अल्टरनेटरच्या बॉडीला धरा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगच्या पट्टीवर, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणाऱ्या तारेवर, संशय घ्या. जोड घासून साफ करायला दमडी लागत नाही! बॅटरी मरायला टेकली असेल तर अल्टरनेटर सतत जास्त भाराने राबतो. वरून इंजिन ऑइल ठिबकत असेल तर आधी ती गळती बंद करा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.