सहावे अक्षर मी वाचले नाही : वैयक्तिक ब्रँडच्या नावाखाली गेलेले ९९,६१९ रुपये

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी मी २१ वर्षांपासून कर सल्लागार म्हणून काम करतो. जिनिंगवाले, डाळ मिलवाले, केळीचे व्यापारी, किराणा दुकानदार असे माझे पक्षकार आहेत आणि दुसऱ्याच्या बिलातली चूक शोधून काढणे हेच माझे पोटापाण्याचे काम आहे. म्हणूनच हे लिहायला मला इतके दिवस लागले. नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात ‘वैयक्तिक ब्रँड उभारून देतो’ असे सांगणाऱ्या लोकांनी माझ्याकडून एकूण ९९,६१९ रुपये काढले. घरात ही रक्कम मी आधी निम्मीच सांगितली होती. आता माझ्याच व्यवसायातल्या दोन मित्रांना तसेच फोन आल्याचे कळल्यावर गप्प बसणे मला पटेना.

मी लोभापायी गेलो नव्हतो, हे आधी सांगतो. दोन वर्षांत माझे चार जुने पक्षकार मोठ्या शहरांतल्या तरुण सल्लागारांकडे गेले, आणि त्यातल्या एकाने तर तोंडावर सांगितले की, “तुमचे काम चांगले आहे हो, पण तुम्ही कुठे दिसतच नाहीत.” ज्याने २१ वर्षे एकही विवरणपत्र उशिरा भरलेले नाही, त्याला हे वाक्य किती लागते हे त्यातून गेलेल्यालाच कळेल. अशा मनःस्थितीत जळगावच्या एका हॉटेलात होणाऱ्या कार्यशाळेची जाहिरात दिसली आणि १० नोव्हेंबरला, रविवारी, ४९९ रुपये भरून मी तिथे जाऊन बसलो. बोलणारा माणूस आपल्याच भागातला असल्यासारखा बोलत होता. “खान्देशी माणूस कष्टात कमी नाही, सांगण्यात कमी पडतो,” हे त्याचे म्हणणे सभागृहातल्या प्रत्येकाला आपल्याबद्दलच वाटले असणार.

पुढचा क्रम नेहमीचाच आहे : रोज दोन फोन, ‘तुमच्या तालुक्यात एकाच व्यक्तीला घेतो’ ही घाई, आणि आज पैसे भरल्यास सवलत. १८ नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानाच्या दोन दिवस आधी, मी ५०,००० अधिक १८ टक्के जीएसटी असे ५९,००० रुपये भरले. त्यात सहा महिने लिंक्डइन आणि इन्स्टाग्राम सांभाळणे, दहा हजार फॉलोअर, एक मुलाखत आणि ‘समाधान न झाल्यास पूर्ण परतावा’ एवढे सगळे येणार होते. पैसे ज्या यूपीआय खात्यावर गेले, तिथे कंपनीचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव दिसले. विचारल्यावर “ते आमचे लेखापाल आहेत” असे उत्तर आले आणि मी ते मान्य केले. कंपनी आपले पैसे लेखापालाच्या खात्यात घेत नसते. तुम्हाला असे नाव दिसले तर त्याच क्षणी हात आवरा.

पण मला रात्रीची झोप लागू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. बिल लगेच व्हॉट्सअॅपवर आले. त्यावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे ठळक छापलेले होते आणि खाली १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक होता. सुरुवातीचे २७ महाराष्ट्राचे, त्यापुढची दहा अक्षरे पॅनची, हे मी झोपेतही सांगेन. पॅनमधले चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे अक्षर, तो पॅन कोणाचा आहे ते सांगते : व्यक्तीचा असेल तर पी, कंपनीचा असेल तर सी, भागीदारी संस्थेचा असेल तर एफ. त्या बिलावर प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाखाली सहावे अक्षर पी होते. मी दुसऱ्यांच्या शेकडो बिलांवर हे अक्षर पाहिले आहे आणि दोन व्यापाऱ्यांना याच एका अक्षरावरून बोगस खरेदीपासून वाचवले आहे. आपल्या बिलावर मात्र मी फक्त ९,००० रुपयांचा कर पाहिला आणि त्याचे इनपुट क्रेडिट मिळेल, तेवढी रक्कम माझ्या स्वतःच्या करातून वजा होईल, म्हणजे खरा खर्च ५०,००० चाच, असा हिशेब मांडून निश्चिंत झालो. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉग-इन न करताही कोणाचाही क्रमांक तपासता येतो आणि त्याला एक मिनिटसुद्धा लागत नाही. मी तो तपासला तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. नोंदणी एका व्यक्तीच्या नावावर होती आणि ती रद्द झालेली होती.

दुसरी संधी १४ डिसेंबरला आली होती. त्या दिवशी नोव्हेंबरचे जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्या खरेदीवरच्या कराचे महिन्याचे विवरण, तयार होते, आणि समोरच्याने आपले बिल दाखवले असेल तर ते त्यात दिसते. माझ्या २बी मध्ये ते बिल नव्हते. मला ते दिसलेही, पण ३१ डिसेंबरपर्यंत पक्षकारांची वार्षिक विवरणपत्रे भरायची होती, रात्री अकरा-अकरापर्यंत कार्यालयात बसत होतो, आणि ‘उशिरा भरले असेल, पुढच्या महिन्यात येईल’ असे मी स्वतःला समजावले. तिथे थांबलो असतो तर पुढचे ४०,१२० रुपये वाचले असते.

तोवर माझे इन्स्टाग्रामचे फॉलोअर नऊ दिवसांत ४१२ वरून ११,३०० वर गेले होते. नावे वाचली तर एकही ओळखीची नाही, निम्मी कोणत्या भाषेतली तेही कळेना. पोस्टला पसंती यायची ती मात्र तिघांची : माझी पत्नी, माझा भाचा आणि एक जुना वर्गमित्र. अमळनेरकडचे माझे एक पक्षकार, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, त्यांनी माझ्या मोबाइलवर ती यादी पाहिली आणि सरळ विचारले, “भाऊ, या कोन लोके शेतस?” मी त्यांना ‘डिजिटल पोहोच’ वगैरे समजावत बसलो. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला पाच सेकंदांत जे दिसले, ते मला दिसत असूनही मी त्यांनाच शिकवत होतो, याची लाज अजून जात नाही.

२० डिसेंबरला निळ्या खुणेच्या पडताळणीसाठी ११,८०० रुपये गेले. हे नीट वाचा : इन्स्टाग्रामची सशुल्क पडताळणी भारतात जून २०२३ पासून सुरू आहे, तेव्हा तिचा मोबाइलवरचा दर महिना ६९९ रुपये होता, आणि ती आपण स्वतः अॅपमधून, स्वतःचे ओळखपत्र दाखवून घ्यायची असते. लिंक्डइनवर ओळख पडताळून घ्यायला तर पैसेच लागत नाहीत. मधल्या माणसाची गरज कुठेच नाही. मला खूण मिळाली नाही ती नाहीच, उलट त्यासाठी म्हणून मी दोन्ही खात्यांचे पासवर्ड आणि आलेले ओटीपी त्यांना सांगितले. ८ जानेवारीला एका पुरस्काराच्या ‘नामांकन शुल्का’चे २३,६०० रुपये घेतले गेले. सोहळा दोनदा पुढे ढकलला आणि शेवटी मोबाइलवर एक प्रमाणपत्र आले, ज्यात माझ्या आडनावातले एक अक्षर चुकलेले होते. पुरस्कारासाठी जो पैसे मागतो तो पुरस्कार विकतो आहे, एवढे तरी मला कळायला हवे होते.

पैशांपेक्षा मोठी हानी २८ जानेवारीला झाली. माझ्या छायाचित्रासह, माझ्या नावाने, त्यांनी एक पोस्ट टाकली : ‘केळी उत्पादक शेतकऱ्यांनो, दंड टाळा, आजच जीएसटी नोंदणी करा.’ ताजी केळी करमुक्त आहेत. स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २३ नुसार त्या विक्रीसाठी नोंदणी करावीच लागत नाही. रावेर, यावल, सावदा हा सगळा केळीचा पट्टा, आणि तिथल्या लोकांना माझ्या तोंडून असे अडाणी, घाबरवणारे वाक्य ऐकवले गेले. एका डाळ मिलवाल्यांनी फोन करून विचारले, “साहेब, तुमची तब्येत बरी आहे ना?” मी पोस्ट काढायला गेलो तर पासवर्ड बदललेला होता. आपल्या नावाने एक शब्दही दुसऱ्याला परस्पर छापू देऊ नका, मग तो कितीही गोड बोलत असो.

मी परतावा मागितला. ६ फेब्रुवारीला ‘परतावा विभागा’तून म्हणून एका बाईंचा फोन आला आणि प्रक्रियेचे ४,७२० रुपये भरल्यास ९४,८९९ रुपये ४८ तासांत परत मिळतील, असे त्यांनी सांगितले. रक्कम अगदी अचूक सांगितल्यामुळे मला त्या खऱ्या वाटल्या. ते ४,७२० रुपये मी भरले. गेलेले पैसे परत देण्यासाठी जो आणखी पैसे मागतो तो त्याच टोळीतला असतो.

यानंतर जे झाले त्याचा राग मला फसवणाऱ्यांपेक्षा कमी नाही. १२ फेब्रुवारीला मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करून ऑनलाइन तक्रार नोंदवली. तो फोन पैसे गेल्यावर काही तासांत केला तर रक्कम गोठवण्याची आशा असते. मी पहिल्या मोठ्या रकमेनंतर ८६ दिवसांनी केला, हा दोष माझा. पण त्यापुढचा नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात सकाळी अकरापासून साडेतीनपर्यंत बसलो आणि ‘साहेब बंदोबस्तात आहेत’ हे ऐकून परतलो. पुन्हा गेलो तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारले, “पैसे तुम्हीच स्वतःहून दिले ना? फॉलोअर मिळाले ना? मग फसवणूक कुठे झाली? हे दिवाणी प्रकरण आहे.” रद्द झालेल्या क्रमांकावर कर वसूल करणे, खात्याचा ताबा घेऊन माझ्या नावाने खोटे छापणे, हेही दिवाणीच का, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. तिसऱ्या वेळी सांगितले गेले की बिलावरचा पत्ता दुसऱ्या शहरातला आहे, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, देता येते. मी ते छापून नेले होते. तो कागद त्यांनी हातातही घेतला नाही. तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवले, त्या कार्यालयाने ऑनलाइन तक्रारीची प्रत पाहून पुन्हा पहिल्या ठाण्यात पाठवले. बाहेर पडताना एक जण हसून म्हणाला, “एवढे शिकलेले असून?” शिकलेल्याची तक्रार घ्यायची नसते, असा नियम कोणत्या कायद्यात आहे?

बँकेने सांगितले की व्यवहार माझ्या संमतीने झाले, त्यामुळे अनधिकृत व्यवहारांचे संरक्षण मला लागू नाही. हे त्यांचे म्हणणे नियमाला धरून आहे, ते मी मान्य करतो. पण समोरच्या खात्याविषयी मी दिलेल्या लेखी अर्जाची साधी पोच द्यायला त्यांनी अकरा दिवस का लावले, हे मला समजलेले नाही. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. फोनवरचे बोलणे, यूपीआयच्या पावत्या, बिले, यातले काहीही पुसू नका. मी रागाच्या भरात त्यांच्याशी झालेला सगळा संवाद पुसला होता, तो भाच्याने जुन्या बॅकअपमधून काढून दिला.

ठाण्याने नोंद न घेतल्यास त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमानुसार पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी १० मार्चला नोंदणीकृत टपालाने अर्ज पाठवला, १७ मार्चला पोच आली, आणि अजून उत्तराची वाट पाहतो आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

खाते आता बंद पडले आहे, पण त्या केळीच्या पोस्टचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर अजून फिरते. मागच्या आठवड्यात सावद्याचे एक शेतकरी ते मोबाइलवर घेऊन, नोंदणीसाठी आधार आणि सातबारा पिशवीत घालून, माझ्या कार्यालयात आले. त्यांना नोंदणीची गरज नाही हे पटवून द्यायला मला अर्धा तास लागला, कारण त्या पोस्टवर फोटो माझाच होता.