कृपेनं तारण: कॅथलिक चर्च की प्रोटेस्टंट मंडळी?

वसईची मुलगी आणि नगरचा मुलगा लग्न ठरवतात, तेव्हा हॉल आणि जेवणाच्या आधी प्रश्न येतो, चर्च कोणाचं? वीस वर्षांपूर्वी आमच्या घरात तो आला होता. मी वसईची कॅथलिक, नवरा नगरच्या सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळीतला. त्याच्याकडचे म्हणायचे, "कॅथलिकांना कर्मानं तारण, म्हणजे पापातून सुटका, कमवायचं असतं." माझ्याकडचे म्हणायचे, "त्यांच्यात नुसता विश्वास पुरतो, मग कसंही वागा." दोन्ही बोलणी चुकीची आहेत, आणि त्यांच्या भरवशावर कोणी निर्णय घेऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे मर्कटन्याय आणि मार्जारन्याय सांगतात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहतं. मांजरीच्या पिल्लाला आईच मानेला धरून उचलते. कॅथलिक म्हणजे माकडाचं पिल्लू आणि प्रोटेस्टंट म्हणजे मांजरीचं, अशी वाटणी करणारे पुष्कळ भेटतात. पण ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेनं १५४७ साली या विषयावरच्या अगदी पहिल्या कलमात बजावलं की, ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ आपल्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो, ही शिकवण त्याज्य आहे. म्हणजे पहिला हात देवाचाच, हे दोन्हीकडे मान्य. ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरन (लूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट) चर्चनी एका संयुक्त घोषणेवर सह्या करून हे एकत्र कबूल केलं. पुढे २००६मध्ये मेथडिस्ट आणि २०१७मध्ये रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट मंडळ्याही तीत आल्या.

फरक आहे तो उचलून घेतल्यानंतरचा. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा जर्मन मठवासी मार्टिन लूथर, त्याच्या वाटेनं जाणाऱ्यांसाठी कृपा हा आधी निकाल आहे. माणूस पापी असतानाच देव त्याला ख्रिस्तामुळे नीतिमान ठरवतो, आणि तो विश्वासानं ते स्वीकारतो. चांगली कामं मागून येतात, झाडाला फळ यावं तशी. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातल्या दुसऱ्या अध्यायावर त्यांचा भर असतो: तारण हे देवाचं दान, कोणी बढाई मारू नये. कॅथलिक शिकवणीत देव नीतिमान ठरवतो आणि आतून तसा घडवतोही. ती कृपा स्नानसंस्कारात, म्हणजे बाप्तिस्म्यात मिळते, मिस्सा या मुख्य उपासनेत, प्रार्थनेत, सेवेत वाढते, गंभीर पापानं हरवते आणि कुमसारात, म्हणजे फादरांसमोरच्या पापकबुलीत परत मिळते. याकोबाच्या पत्रातलं 'केवळ विश्वासानं नव्हे' हे वचन इथे जास्त ऐकू येतं.

कागदावर हा फरक बारीक वाटतो. मला तो दोन आजारपणांत कळला. सासूबाई शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये होत्या. उशाशी पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं बायबल. मी विचारलं, "आई, भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "माझं तारण झालंय गं. ते व्हायचं राहिलेलं नाही." माझे पप्पा महिन्यातून एकदा कुमसाराला जायचे, लाकडी जाळीसमोर गुडघे टेकून. शेवटी फादरांनी घरी येऊन तेल लावलं, कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) दिलं, आणि पप्पा आम्हाला म्हणाले, "माझ्यासाठी प्रार्थना करत राहा." सासूबाईंना खात्री होती, पप्पांना आशा. त्यांची आशा कच्ची होती असं मला कधीच वाटलं नाही. आपण अजून वाटेवर आहोत, हे मान्य असलेल्या माणसाची ती आशा होती.

म्हणूनच २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मी पप्पांच्या कबरीवर मेणबत्ती लावून त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते. मृत्यूनंतरही शुद्धीकरण असतं, आणि आपली प्रार्थना तिथे उपयोगी पडते, असं आम्ही मानतो. नवरा शेजारी उभा राहतो, फुलं ठेवतो, देवाचे आभार मानतो. पण मृतांसाठी मागणं मागत नाही. त्याच्या हिशेबी मागायचं काही उरलेलंच नाही.

नुसत्या संस्कारानं मन शांत होतंच असं नाही, हे पंडिता रमाबाईंच्या अनुभवातही दिसतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला तो सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितलं. ज्यांचं मन सारखं स्वतःला टोचत राहतं, 'पुरेसं केलं का' या प्रश्नानं झोप लागत नाही, त्यांना प्रोटेस्टंट वाटेचा दिलासा मोठा आहे. खुद्द लूथर मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत बसायचा आणि तरी त्याला शांती नव्हती. उलट ज्यांना आपलं पाप कोणासमोर तरी मोठ्यानं बोलल्याशिवाय खरं वाटत नाही आणि क्षमाही कानांनी ऐकायची असते, त्यांना कुमसार सोडणं जड जाईल. मला गेलं असतं. म्हणून मी कॅथलिकच राहिले.

पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल मंडळीच्या प्रार्थनागृहाचा विचार असेल, तर एवढं लक्षात घ्या की तिथे बहुधा बालपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत. पुन्हा पाण्यात उतरावं लागतं. सी.एन.आय.मधला बाप्तिस्मा मात्र कॅथलिक चर्च मानतं, तो दुसऱ्यांदा देत नाहीत.

आता व्यवहाराचं. कॅथलिक व्यक्तीला प्रोटेस्टंट जोडीदाराशी लग्न करायला चर्चची परवानगी लागते, आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन असं वचन द्यावं लागतं. हे साखरपुड्याआधी एकमेकांशी बोला. दुसरं, एकमेकांच्या चर्चमध्ये कम्युनियन सहसा घेता येत नाही. नगरला प्रभुभोजनाच्या (त्यांच्याकडच्या कम्युनियनच्या) रविवारी सगळा बाक उठून पुढे जातो आणि मी एकटी बसून राहते. इतक्या वर्षांनीही ते दुखतं.

आणि ठरवण्याआधी फादरांना व प्रोटेस्टंट मंडळीच्या पाळकसाहेबांना वेगवेगळं भेटून हा एकच प्रश्न विचारा: "उद्या माझ्या हातून मोठं पाप झालं, तर त्या रात्री मी काय करायचं?" फादर पश्चात्तापाची प्रार्थना करायला सांगतील आणि लवकरात लवकर कुमसाराला बोलावतील. पाळकसाहेब बायबल उघडून वचन दाखवतील आणि तिथेच, खोलीतच, गुडघे टेकायला सांगतील. त्यांतलं कोणतं उत्तर ऐकून तुमचा श्वास मोकळा होतो, ते बघा.