स्ट्रक्ट पिड: ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी वापरायलाच हवं असं साधन

ड्रायव्हरचे पॅच तपासणं हे माझं रोजचं काम. एक गोष्ट दिसली की मी तिथेच थांबतो: डिव्हाइस उघडताना (ओपन) करंट टास्कचा, म्हणजे त्या क्षणी चालणाऱ्या प्रोसेसचा, पीआयडी (ओळख क्रमांक) उचलून डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमध्ये नुसता आकडा म्हणून ठेवलेला, नंतर त्या प्रोसेसला सिग्नल (कर्नलकडून जाणारी सूचना) पाठवायला. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी स्ट्रक्ट पिड आहे, म्हणजे एका ठरावीक प्रोसेसची ओळख धरून ठेवणारा ऑब्जेक्ट, आणि आकड्याऐवजी तेच वापरा असं मी प्रत्येकाला सांगतो.

आकड्यात अडचण काय? पीआयडीची कमाल मर्यादा कित्येक मशीनवर अजून जुनी 32768 च असते, 64 बिटवर ती 4194304 पर्यंत वाढवता येते. मर्यादा गाठली की वाटप पुन्हा खालून सुरू होतं. आता समजा, प्रोसेसने डिव्हाइस उघडलं, फोर्क केलं (स्वतःची प्रत म्हणून मूल-प्रोसेस तयार केली) आणि ती संपली. फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या डिव्हाइसचा हवाला) मुलाकडे उघडाच आहे, त्यामुळे डिव्हाइस पूर्ण बंद झाल्यावर चालणारं ड्रायव्हरचं रिलीज फंक्शन चाललेलंच नाही. मध्ये तोच आकडा भलत्याच प्रोसेसला मिळाला. इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) आला, ड्रायव्हरने सिग्नल सोडला, आणि ज्या बिचारीचा काही संबंध नव्हता ती प्रोसेस मेली. चाचणीत हे सहसा सापडत नाही, कारण तिथे आकडे फिरून परत येण्याइतक्या प्रोसेस तयारच होत नाहीत.

स्ट्रक्ट पिडने हा प्रश्नच राहत नाही. ओपनमध्ये टास्क_टीजीआयडी ने करंटचा स्ट्रक्ट पिड घ्यायचा, गेट_पिड ने त्याचा रेफरन्स धरायचा (म्हणजे आपण सोडेपर्यंत तो ऑब्जेक्ट मोकळा होत नाही), सिग्नल किल_पिड ने पाठवायचा, रिलीजमध्ये पुट_पिड ने रेफरन्स सोडायचा. प्रोसेस गेली असेल तर किल_पिड कडून ईएसआरसीएच ('अशी प्रोसेस नाही' हा एरर) मिळतो, सिग्नल दुसऱ्या कुणाकडे जात नाही. टास्क_पिड (एका थ्रेडचा) न घेता टास्क_टीजीआयडी (पूर्ण प्रोसेसचा) घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. कर्नलच्या लेखी प्रत्येक थ्रेडला स्वतःचा पीआयडी असतो. उघडणारा थ्रेड संपला आणि बाकीचा प्रोग्रॅम चालू राहिला, तर सिग्नल कुणालाच मिळणार नाही.

मग सरळ टास्क_स्ट्रक्टच, म्हणजे कर्नलमधली प्रोसेसची मुख्य नोंदच, धरून ठेवला तर? पिड.एच मधली टिप्पणी याचं उत्तर देते: संपलेल्या प्रोसेसचा टास्क_स्ट्रक्ट आणि स्टॅक मिळून सुमारे 10 केबी अडकून पडतात, स्ट्रक्ट पिड साधारण 64 बाइटचा. आकडे जुने आहेत, मुद्दा जुना झालेला नाही. इतकी नेमकी टिप्पणी कर्नलच्या हेडरमध्ये क्वचितच वाचायला मिळते. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी आधी तीच वाचायला देतो.

तक्रार आहे ती नावांबद्दल. कंटेनरला पीआयडींची स्वतःची वेगळी मोजणी असू शकते, तिला पीआयडी नेमस्पेस म्हणतात. पिड_एनआर मुळाच्या (पूर्ण सिस्टिमच्या) नेमस्पेसमधला आकडा देतं, पिड_व्हीएनआर करंटच्या नेमस्पेसमधला. फरक एका अक्षराचा, पण आयऑक्टलमधून (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला केलेल्या कॉलमधून) पहिला आकडा परत दिलात तर कंटेनरमधल्या प्रोग्रॅमला तो निरुपयोगी. आकड्यावरून स्ट्रक्ट पिड शोधणाऱ्या फाइंड_व्हीपिड ला आरसीयूचं कुलूप (वाचत असताना ऑब्जेक्ट मोकळा होऊ न देणारं) बाहेरून लावावं लागतं आणि ते रेफरन्स वाढवत नाही. फाइंड_गेट_पिड दोन्ही स्वतः करतं. नावातलं ते 'गेट' नजरेतून सुटलं की पुट_पिड राहून जातं. विसरलेलं पुट_पिड त्रासदायकच: आकडा मोकळा होतो, पण ऑब्जेक्ट राहतो, आणि त्याने पीआयडी नेमस्पेसचाही रेफरन्स धरलेला असल्याने कंटेनर बंद झाल्यावरही ती नेमस्पेस सुटत नाही. कुठे इशारा नाही, काही नाही.

यूजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना) हीच सोय पिडएफडीने, म्हणजे प्रोसेसकडे बोट दाखवणाऱ्या फाइल डिस्क्रिप्टरने, दिली. कर्नलच्या 5.1 आवृत्तीमध्ये (2019) पिडएफडी_सेंड_सिग्नल आलं, 5.3 मध्ये पिडएफडी_ओपन. 6.9 मध्ये (2024) पिडएफएस ही पिडएफडींची स्वतःची फाइलसिस्टिम आल्यावर दोन डिस्क्रिप्टर एकाच प्रोसेसचे आहेत का, हे आयनोड नंबरवरून (फाइलसिस्टिममधल्या ओळख क्रमांकावरून) ताडता येऊ लागलं. मला हे सगळं मनापासून आवडलं आहे. फक्त पिडएफडी_ओपन स्वतः आकडाच मागतं, म्हणजे उघडण्याआधीची फट उरतेच. स्वतःचं मूल असेल आणि त्याचा वेट (संपलेल्या मुलाची नोंद निकालात काढणं) अजून झाला नसेल तर आकडा दुसऱ्याला जात नाही, तिथे ते सुरक्षित आहे. मूल तयार करतानाच डिस्क्रिप्टर हवा असेल तर 5.2 पासून मिळणारा क्लोन_पिडएफडी हा फ्लॅग वापरा. आकड्याचा टप्पाच लागत नाही.